विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: रिलीफ पिचरची कारकीर्द आतून कशी चालते

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी पालकांचा आहे. मुलगा २० वर्षांचा, बेसबॉलमधला उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. कॉलेजच्या कोचने यंदा त्याला सुरुवातीच्या पिचरच्या जागेवरून काढून बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर उतरणाऱ्या रिलीफ पिचरांच्या गटात, नेलं. पालक विचारतात: ही बढती समजायची की बाजूला सारणं? पुढे व्यावसायिक झालाच, तर रिलीफ पिचरचं आयुष्य कसं असतं? एका हंगामात चार-चार संघ बदलणारे पिचर दिसतात, ते अपयशी असतात का? पैसे किती मिळतात आणि हात किती टिकतो?

आधी अपयशाबद्दल, कारण खरी काळजी तीच दिसते. २०१८ च्या एकाच हंगामात ऑलिव्हर ड्रेक मिलवॉकी, क्लीव्हलँड, एंजल्स, टोरोंटो आणि मिनेसोटा अशा पाच संघांकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, खेळला. तोवर हे कोणीच केलं नव्हतं. २०२४ मध्ये माइक बॉमनने बाल्टिमोर, सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, एंजल्स आणि मायामी असा प्रवास करून त्याची बरोबरी साधली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, चार संघांनी नाकारलेला माणूस. पण हिशेब उलट बाजूने मांडा. चार वेळा दुसऱ्या कोणत्या तरी संघाने त्याच्यासाठी आपल्या ४० जणांच्या यादीत जागा केली. मेजर लीगचे संघ ३०, म्हणजे अशा जागा साऱ्या मिळून १,२००. प्रत्यक्ष मैदानी संघात एका वेळी जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात, म्हणजे ३९० जण. त्या ३९० मध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्याला अपयशी म्हणता येत नाही. तो हवा आहे, फक्त कायमचा हवा आहे असं अजून कोणी ठरवलेलं नाही. या दोहोंतलं अंतर समजलं की ही कारकीर्द समजते.

क्रिकेट पाहत वाढलेल्यांसाठी थोडं थांबतो. सुरुवातीचा पिचर म्हणजे स्टार्टर. तो दर पाच-सहा दिवसांनी एकदा उतरतो, साधारण ९० चेंडू टाकतो आणि मधले दिवस हाताला विश्रांती देतो. त्याच्यानंतर येणारे सगळे रिलीफ पिचर. त्यांना कधी बोलावणं येईल ते आधी माहीत नसतं. आले की एखादी इनिंग (तीन फलंदाज बाद होईपर्यंतची पाळी, सामन्यात अशा नऊ), १५ ते २० चेंडू, आणि काम संपलं. अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, आणि त्यावर १०८ दुहेरी टाके. टप्पा पडत नाही, त्यामुळे फिरकी, वेग आणि शिवणीची दिशा यांनी हवेत जे घडेल तेवढंच हत्यार.

बुलपेनमधले बहुतेक व्यावसायिक पिचर आधी स्टार्टरच होते. स्टार्टरला तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात, कारण तोच फलंदाज त्याला एका सामन्यात तीनदा भेटतो. रिलीव्हरला दोन चांगले चेंडू पुरतात. शिवाय २० चेंडूच टाकायचे असल्याने ताकद राखून ठेवावी लागत नाही आणि वेग बहुधा ताशी एक-दोन मैलांनी वाढतो. म्हणून कोचने मुलाला बुलपेनमध्ये नेलं तर दोन गोष्टी तपासा: तिथे त्याचा वेग वाढला का, आणि त्याला सामन्याच्या कोणत्या टप्प्यावर उतरवतात. आठव्या-नवव्या इनिंगमध्ये, एका धावेच्या आघाडीवर उतरवत असतील तर तो विश्वास आहे. दहा धावांनी हरत असताना उतरवत असतील, तर तिसरा चेंडू शिकून पुन्हा स्टार्टर होण्याचा प्रयत्न करायला अजून वेळ आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात तिथे, २०२१ पासून २० फेऱ्या आहेत आणि संघ तिथे स्टार्टरना आधी उचलतात, कारण स्टार्टरचा रिलीव्हर करता येतो, उलट क्वचितच होतं. चार वर्षांच्या कॉलेजचा खेळाडू तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर ड्राफ्टला पात्र होतो.

आता या पेशाचा कणा, म्हणजे याद्या आणि ऑप्शन. हा भाग किचकट आहे, पण पिचरच्या आयुष्यात तो कसा खेळतो याच्याइतकंच वजन याला आहे, म्हणून सावकाश वाचा.

मेजर लीग संघाकडे दोन याद्या असतात. २६ जणांची चालू यादी, जी सप्टेंबरमध्ये २८ ची होते, आणि ४० जणांची मोठी यादी. मोठ्या यादीत नाव आलं की संघाला त्या खेळाडूवर तीन ऑप्शन मिळतात. ऑप्शन म्हणजे इतर संघांना विचारावं न लागता त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघात, पाठवण्याचा हक्क. हे तीन ऑप्शन म्हणजे तीन वेळा नव्हे, तीन हंगाम. एका हंगामात कितीदाही खाली पाठवलं तरी एकच ऑप्शन खर्च होतो. पूर्वी याला मर्यादा नव्हती. २०२२ च्या करारापासून एका हंगामात पाचच वेळा असं पाठवता येतं, सहाव्या वेळी त्याला इतर संघांसमोर ठेवावं लागतं. एकदा खाली पाठवलेला पिचर किमान १५ दिवस परत बोलावता येत नाही, मुख्य अपवाद वर कोणी जखमी होऊन त्याची जागा भरायची असेल तर. आणि एका हंगामात खाली काढलेले दिवस एकूण २० पेक्षा कमी भरले तर ऑप्शन खर्च झाला असं धरत नाहीत, ते दिवस मेजर लीगच्या सेवेत जमा होतात.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहा. समजा सोमवारी सामना जादा इनिंगमध्ये गेला आणि तुमच्या मुलाने दोन इनिंगमध्ये ३८ चेंडू टाकले, एकही धाव दिली नाही. मंगळवारी आणि बुधवारी तो टाकू शकत नाही. संघाकडे १३ पिचर, त्यातले पाच स्टार्टर, म्हणजे रिलीव्हर आठ. त्या आठांतला एक दोन दिवस बसून राहणं बहुतेक मॅनेजरांना परवडत नाही. मग खालून ताजा हात मागवला जातो आणि वरून एकाला पाठवावं लागतं. कोणाला? सर्वांत वाईट खेळणाऱ्याला नाही, तर ज्याचा ऑप्शन शिल्लक आहे त्याला. काल सामना वाचवणारा आज सकाळी विमानात असतो. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा तरुण पिचर कोसळतो, खाली जाऊन रागाने जास्त जोरात टाकतो, कोपर दुखावून घेतो. त्याला आधीच कोणीतरी सांगायला हवं की हा निर्णय कागदाचा होता, त्याच्या चेंडूंचा नव्हता.

तीन ऑप्शन संपले की चित्र पालटतं. आता खाली पाठवायचं तर आधी त्याला ‘डेझिग्नेट फॉर असाइनमेंट’ करावं लागतं, खेळाडूंच्या तोंडी फक्त डीएफए. नाव ४० च्या यादीतून लगेच निघतं आणि संघाकडे सात दिवस उरतात: त्याला ट्रेड करा (अदलाबदलीत दुसऱ्या संघाला द्या), वेव्हर्सवर ठेवा किंवा सोडून द्या. वेव्हर्सवर कोणत्याही संघाला त्याच्यावर हक्क सांगता येतो. एकापेक्षा जास्त संघांनी सांगितला तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला प्राधान्य. कोणीच सांगितला नाही, तर त्याला मायनर लीगमध्ये ‘आउटराइट’ केलं जातं. मात्र तीन वर्षांची मेजर लीग सेवा असेल किंवा आधी एकदा असं झालं असेल, तर तो नकार देऊन मोकळा होऊ शकतो. २०१८ मध्ये ड्रेकचे ऑप्शन संपलेले होते, म्हणूनच प्रत्येक संघाला त्याला ठेवायचं किंवा गमवायचं एवढे दोनच पर्याय होते. ऑप्शन शिल्लक असलेला पिचर एकाच संघाच्या दोन शहरांत ये-जा करतो, ऑप्शन संपलेला शहरंच बदलत राहतो. वणवण तीच, नकाशा निराळा.

ड्रेकची गोष्ट मिनेसोटात संपली नाही. २०१९ मध्ये तो टॅम्पा बेकडे गेला आणि तिथे ५० सामने चांगले खेळला. ज्या संघाला त्याच्या अगदी वरून येणाऱ्या हाताचा आणि त्यातून पडणाऱ्या चेंडूचा नेमका उपयोग ठाऊक होता, तो संघ सापडायला एवढी फिरती लागली.

लांबच्या फिरतीची उदाहरणंही आहेत. ऑक्टाव्हिओ डोटेल १९९९ ते २०१३ या काळात १३ संघांकडून खेळला, मुख्यतः रिलीव्हर म्हणून. एडविन जॅक्सनने २०१९ मध्ये १४ वा संघ गाठला आणि २०२५ मध्ये रिच हिलने त्याला गाठलं. मला या साऱ्यांत सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो जेसी चावेझ. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ४२ व्या फेरीत निवडलेला, मेजर लीगमध्ये पहिला सामना २००८ मध्ये, आणि निवृत्ती २०२५ मध्ये. लीगच्या इतिहासात सर्वाधिक वेळा ट्रेड झालेला खेळाडू म्हणून तो ओळखला जातो. अटलांटाने त्याला पुन्हा पुन्हा घेतलं आणि २०२१ च्या विजेत्या संघात तो होता. ४२ वी फेरी आता अस्तित्वातच नाही. त्याच्याकडे झगमगता वेग नव्हता. होता तो कटर, म्हणजे शेवटी किंचित आडवा सरकणारा फास्टबॉल, आणि एका सामन्यात दुसऱ्या इनिंगला, दुसऱ्या सामन्यात सातव्या इनिंगला सारख्याच शांतपणे उतरण्याची तयारी. ‘कधीही, कितीही’ म्हणणारा पिचर मॅनेजरला सोन्यासारखा असतो.

पैशांचं बोलू. मेजर लीगमधला किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होता, २०२६ साठी ७,८०,०००. पण तो पूर्ण हंगाम वर राहिलं तरच. पगार दिवसावर मोजतात. २०२५ चा हंगाम १८६ दिवसांचा धरला तर दिवसाला सुमारे ४,०८६ डॉलर. ४० दिवस वर काढले तर साधारण १,६३,०००. उलट मायनर लीगच्या सर्वांत वरच्या स्तरावर, ट्रिपल-एमध्ये, नव्या मायनर लीग करारानुसार २०२३ मध्ये पूर्ण वर्षाचं किमान वेतन ३५,८०० डॉलर होतं, त्याखालच्या डबल-एमध्ये ३०,२५०. ४० च्या यादीत नाव असेल तर खालचाही दर बराच जास्त असतो. तरी पंधरा दिवसांची एक खेप खाली गेली की पन्नासेक हजार डॉलरचा फरक पडतो. एका चांगल्या हंगामानंतर मोठं घर घेणारे पिचर पुढच्या एप्रिलमध्ये अडचणीत येतात, ते याच कारणाने. हातावर पोट असलेल्याने वर्षाचा नाही, महिन्याचा हिशेब मांडावा. त्यात बहुतेक राज्यं आपल्या हद्दीत खेळलेल्या दिवसांवर वेगळा कर मागतात. फिरत्या पिचरला वर्षाअखेरीस अनेक राज्यांची विवरणपत्रं भरावी लागतात, त्यामुळे या कामात मुरलेला करसल्लागार पहिल्या वर्षापासून हवा.

पगारापेक्षाही जपायची गोष्ट म्हणजे सेवेचे दिवस. १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा किमान हक्क लागू होतो, १० वर्षांना पूर्ण. तीन वर्षं भरली की पगार लवादाकडे नेता येतो, पाच वर्षं भरली की ऑप्शनवरही खाली जायला नकार देता येतो, सहा भरली की मुक्त खेळाडू. ३५ दिवसांवर अडकलेल्या पिचरसाठी पुढचे आठ दिवस हे सगळ्या आयुष्याचे आठ दिवस असतात. स्वतःचा आकडा प्रत्येकाने स्वतः लिहून ठेवावा, एजंटवर सोडू नये.

आता मैदानावर येऊ. माझ्या मते रिलीव्हरचं खरं आयुष्य बुलपेनच्या टेलिफोनपासून सुरू होतं.

संध्याकाळी सातचा सामना असेल तर पिचर दुपारी दीड-दोनला पोचतो. आधी मांड्या, पाठ, खांद्यामागचे लहान स्नायू रबरी पट्ट्यांनी जागे करायचे. मग हलकी फेकाफेक, पण काल किती टाकलं यावरून अंतर ठरवायचं. काल २५ च्या वर चेंडू पडले असतील तर आज ६० फुटांवर सैल हाताने, तेही हात मागेल तेवढंच. त्यानंतर समोरच्या फलंदाजांचा अभ्यास. रिलीव्हरने नऊ जण पाठ करू नयेत. त्याला बहुधा कोणत्या टप्प्यावर बोलावतात हे एव्हाना कळलेलं असतं, तेव्हा त्या तिघा-चौघांवर दोन-दोन वाक्यं पुरतात: पहिला चेंडू मारतो का, उंच फास्टबॉलवर चुकतो की खाली जाणाऱ्या स्लायडरवर. चौथ्या-पाचव्या इनिंगला उठून अंग ताणायचं. मग फोन.

फोन वाजला की पूर्ण तयार व्हायला अनुभवी हाताला १५ ते २० चेंडू लागतात, मुरलेल्याला घाई असेल तर दहा-बारा. पहिले पाच-सहा कॅचरला (समोर चेंडू पकडणाऱ्याला) उभं ठेवून, मग तो बसतो, मग आपला मुख्य चेंडू, मग दुसरा. शेवटचे दोन सामन्याच्या वेगाने. इथे तरुणांची चूक ठरलेली: फोन वाजताच पहिल्या चेंडूपासून पूर्ण जोर. फोन पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो, ‘बस खाली.’ दोन इनिंगनंतर पुन्हा, ‘ऊठ.’ अशा रात्री पिचर मैदानात आलाच नाही असं धावफलक सांगतो, पण त्याच्या हाताने दोन वेळा मिळून ३०-३५ चेंडू टाकलेले असतात. बुलपेनच्या भाषेत प्रत्येक वेळी तो ‘हॉट’ झालेला असतो. संघाच्या आकडेवारीत तो दिवस विश्रांतीचा दिसतो. तीन दिवस सलग असं झालं की चौथ्या रात्री वेग ताशी दोन मैलांनी घसरतो आणि लोक म्हणतात याचा हात गेला. म्हणून चांगला बुलपेन कोच प्रत्येकाच्या उठण्याची वेगळी नोंद ठेवतो. पिचरने ती स्वतःही ठेवावी.

मैदानात आल्यावर पिचर बदलाचं सव्वादोन मिनिटांचं घड्याळ चालू असतं, त्यात माउंडवरचे (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरचे) सरावाचे चेंडू बसवायचे. ते चेंडू हात गरम करायला नाहीत. माउंडचा उतार, पाय पडतो तिथला खड्डा आणि पकड तपासायला आहेत. आदल्या पिचरचा पाय जिथे पडत होता तिथे खोल खड्डा झालेला असतो. तुमचं पाऊल लांब पडत असेल तर टाच त्याच्या काठावर आपटते आणि चेंडू उंच जातो. पायाने माती भरून घ्या, हवं तर पाय टेकायच्या रबरी पट्टीची एक बाजू सोडून दुसरीकडून टाका. २०२३ पासून दोन चेंडूंमध्येही घड्याळ आहे: बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंद. बेसवर कोणी असेल तर तेव्हा २० सेकंद मिळत, २०२४ पासून १८. श्वास घेण्याची लय आता सरावातच बसवावी लागते. २०२० पासून रिलीव्हरला किमान तीन फलंदाजांना सामोरं जावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते. त्यामुळे एकाच डावखुऱ्या फलंदाजासाठी येणारा डावखुरा पिचर ही जुनी नोकरी जवळपास संपली. उजव्या हाताच्या मुलाला यातून एक धडा: फक्त उजव्या फलंदाजांना जमणारा स्लायडर पुरत नाही. डावखुऱ्यांसाठी कटर, स्प्लिटर (शेवटी खाली पडणारा) किंवा चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला) यातलं काहीतरी हवंच.

चेंडूंबद्दल थोडं सविस्तर, कारण संघ बदलल्यावर कारकीर्द बदलते ती बहुतेकदा इथेच. सगळ्या मेजर लीग मैदानांवर कॅमेऱ्यांची यंत्रणा प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, सुटण्याची उंची आणि हवेतली सरक मोजते. चार-शिवणी फास्टबॉल मिनिटाला साधारण २,२०० ते २,४०० फेरे घेतो. मागे फिरणारा चेंडू हवेत कमी पडतो आणि फलंदाजाची बॅट त्याच्याखालून जाते. फिरकी भरपूर पण चेंडू सतत खाली टाकायची सवय असेल, तर पिचर आपलं बलस्थान वाया घालवतो. अशांना नवा संघ फक्त दोन गोष्टी सांगतो: फास्टबॉल वर टाक, आणि तुझा सर्वांत चांगला चेंडू दुप्पट वापर. एव्हन फिलिप्सला ऑगस्ट २०२१ मध्ये डॉजर्सनी वेव्हर्सवरून उचललं तेव्हा त्याचे आधीचे आकडे पाहवत नव्हते. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत त्याची धावसरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १.१४ होती, आणि आडवा सरकणारा स्वीपर हे त्याचं मुख्य शस्त्र बनलं होतं. रायन ब्रेझियरला २०२३ च्या मे महिन्यात बोस्टनने सोडलं. जूनमध्ये तो डॉजर्सकडे गेला, कटर जोडला आणि उरलेल्या हंगामात त्यांच्याकडून ०.७० सरासरीने टाकला. माणूस तोच, हात तोच, वय ३५.

पण हे सगळं उभं राहतं पहिल्या स्ट्राइकवर, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरीव चौकटीतून गेलेल्या चेंडूवर. कितीही सुंदर स्वीपर असला तरी चेंडू चारदा बाहेर गेला की फलंदाज फुकट बेसवर. लीगमध्ये साधारण शंभरातले आठ फलंदाज असे चालत जातात. तुमच्या मुलाचा आकडा बारा-तेरा असेल तर वेग कितीही असो, तो खालीवर होत राहणार. बुलपेनमध्ये उतरणाऱ्याच्या वाट्याला आधीच बेसवर उभे असलेले धावपटू येतात. ते घरी पोचले तर धावा आधीच्या पिचरच्या खात्यात जातात, म्हणून कागदावर रिलीव्हर स्वच्छ दिसतो. संघ मात्र हे वेगळं मोजतात. असे धावपटू साधारण तिघांत एक घरी पोचतात. याहून जास्त पोचवणारा विश्वास गमावतो.

धावसरासरीवर एक इशारा. रिलीव्हर वर्षाला जेमतेम ६० इनिंग टाकतो. ६० इनिंगमध्ये २० धावा म्हणजे सरासरी ३.००. एका वाईट रात्री एकच फलंदाज बाद करून पाच धावा दिल्या की तीच ३.७३ होते. साठेक रात्री एकीकडे, एक रात्र दुसरीकडे. नोकरी देणारे लोक आता हा आकडा नंतर पाहतात. आधी पाहतात ते किती टक्के फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि किती फुकट सोडले, हे दोन आकडे.

हात किती टिकतो याचं एकच उत्तर नाही, पण तुटतो कुठे हे ठाऊक आहे. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध प्रत्येक जोरदार फेकीत त्याच्या क्षमतेच्या जवळ ताणला जातो, त्याला वाचवतात ते मनगट वाकवणारे, कोपर ते मनगट या भागातले स्नायू. ते थकले की भार थेट अस्थिबंधावर. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळचा एक कंडरा बसवला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि परतायला १२ ते १८ महिने लागतात. धोक्याची चिन्हं आधी दिसतात: आतल्या बाजूला दुसऱ्या दिवशीही राहणारी कळ, करंगळीत मुंग्या, चेंडू सोडण्याची जागा दोन-तीन इंच खाली येणं, स्लायडर नेहमीपेक्षा वर लटकणं. शेवटची दोन चिन्हं पिचरला जाणवत नाहीत, कॅचरला आणि कॅमेऱ्याला दिसतात.

आणि इथे नियम पुन्हा आडवा येतो. मेजर लीगच्या यादीत असताना जखमी झालेला पिचर जखमींच्या यादीवर जातो, पूर्ण पगार आणि सेवेचे दिवस चालू राहतात. जखमी खेळाडूला खाली पाठवता येत नाही. तीच कळ लपवून ठेवली, दोन दिवसांनी त्याला खाली पाठवलं आणि तिथे कोपर गेलं, तर ते वर्ष मायनर लीगच्या पगारावर जातं. भीतीने दुखणं लपवणं हा या पेशातला सर्वांत महाग आणि सर्वांत सामान्य घोटाळा आहे. दुखलं की त्याच दिवशी ट्रेनरला सांगा आणि नोंद करून घ्या.

अमेरिकेतली दारं बंद झाली तरी रस्ता संपत नाही. अटलांटिक लीगसारख्या स्वतंत्र लीग आहेत, जिथून चांगला दिसणारा पिचर हंगामाच्या मध्येच मेजर लीगच्या संघाला करारासह विकला जातो. हिवाळ्यात डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला, मेक्सिको, पोर्तो रिको इथे सामने असतात. आणि जपान. क्रिस मार्टिन खांदा दुखावल्यावर खेळ सोडून गोदामात काम करत होता. मग स्वतंत्र लीगमधून परतला, २०१४ मध्ये मेजर लीग गाठली, २०१६-१७ मध्ये जपानच्या निप्पॉन-हॅमकडे खेळला, परत आला आणि २०२३ मध्ये बोस्टनकडून ५५ सामन्यांत १.०५ सरासरी नोंदवली. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. कोरियात प्रत्येक संघाला मोजकेच परदेशी ठेवता येतात आणि त्या जागा बहुधा स्टार्टरना जातात, त्यामुळे रिलीव्हरने तिथे फार आशा ठेवू नये. भारतीयांपुरतं सांगायचं तर २००८ मध्ये पिट्सबर्गने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकीतून आलेले दोघे मायनर लीगमध्येच खेळले. दुबईतल्या बेसबॉल युनायटेड लीगमध्ये आता मुंबई कोब्राज नावाचा संघही आहे. हे सगळे रस्ते खरे आहेत, पण न्यू जर्सीत वाढलेल्या मुलासाठी पहिला रस्ता कॉलेज, ड्राफ्ट आणि मायनर लीग हाच.

ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, तर तो मोकळा खेळाडू म्हणून करार करू शकतो. १,५०,००० डॉलरपर्यंतचा बोनस संघाच्या ठरीव निधीत धरला जात नाही, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून फार कमी मिळतो. अशा वेळी बोनसच्या आकड्यावर नाही, संघाच्या बुलपेनवर लक्ष द्या: गेल्या दोन वर्षांत त्यांनी किती अनोळखी पिचर वर नेले, पिच-डिझाइनची, म्हणजे मोजमापं पाहून चेंडू सुधारण्याची, सोय खालच्या स्तरावरही आहे का. करारात कॉलेजची राहिलेली फी भरण्याची तरतूद मागून घ्या. ती सहीच्या आधीच मिळते, नंतर नाही. पुढे कधी मायनर लीग करार करावा लागला, तर त्यात बाहेर पडण्याची तारीख लिहून घ्या, म्हणजे अमुक दिवसापर्यंत वर बोलावलं नाही तर मोकळं करायचं. ती तारीख मेच्या अखेरीची असावी. तोवर संघांचे हात दमलेले असतात आणि मागणी वाढते.

हे सगळं पुढचं. या आठवड्यात कोचला विचारायचं ते इतकंच: मुलगा आठवड्यातून किती वेळा ‘हॉट’ होतो, त्यातले किती वेळा प्रत्यक्ष उतरतो, आणि हे कोण लिहून ठेवतं? कोणीच लिहीत नसेल तर एक वही मुलाच्या बॅगेत टाका. तारीख, किती वेळा उठला, बुलपेनमध्ये किती चेंडू, सामन्यात किती, दुसऱ्या दिवशी कोपर कसं. पाच रकाने पुरतात.